ब्रश सापडत नाही

मित्रांनो, मी फ्रिसलंड या डच प्रांतातल्या एका गोठ्यातला जुना संगणक आहे. इथलं दूध काढणारं यंत्र माझ्या सांगण्यावरून चालतं. गाय आत आली, की गळ्यातल्या पट्ट्यावरून मी तिला ओळखतो आणि यंत्राचा हात पुढे करतो. मी नवा होतो तेव्हा मालकीण यित्स्के माझ्यावरची धूळ स्वतः पुसायची. आता ती माझ्यावर कॉफीचा मग ठेवते.

मध्यंतरी माझ्यात एक नवा प्रोग्रॅम आला. गोठ्यात काय घडतं ते तो लॉग नावाच्या फाईलमध्ये लिहायचा. मला ते वाचायचा नादच लागला. कोणत्या गाईला ताप आला, कोणती कमी खाते! एक दिवस त्याने लिहिलं, 'ब्रश सापडत नाही.' गाई पाठ खाजवून घेतात, तो फिरता ब्रश. लगेच पुन्हा तेच. मग पुन्हा. याला झालंय तरी काय, मला कळेना. फाईल फुगतच गेली. शेवटी माझ्यात तसूभर जागा उरली नाही. मी अडलो, तसा यंत्राचा हातही अडला.

आफ्के ही गाय नुकतीच पहिल्यांदा व्यायली होती. तिची कास दगडासारखी टणक झाली. ती यंत्रापाशी उभी राहून हंबरू लागली. मला फार वाईट वाटलं.

"डौवे, लवकर ये! कास सुजेल तिची," यित्स्केने दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"फेकून दे ते खोकं!" तिचा नवरा सिब्रेन ओरडला.

डौवेने आल्या आल्या ती फाईल पुसली. तरी जागा सुटेना.

"नक्की पुसलीस ना?" यित्स्केने विचारलं.

"पुसली गं! थांब... प्रोग्रॅम चालूच आहे. त्याने फाईल धरून ठेवलीय. तो सोडत नाही तोवर जागा कुठली मिळायला!"

"मग बंद कर की त्याला! बघत काय बसलास?"

त्याने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. मला एकदम मोकळं वाटलं. हात पुढे सरकला आणि आफ्के शांत झाली.

"आता याचं लिहिणंच बंद करतो," डौवे म्हणाला.

"थांब. एवढं लिहीत काय होता तो?" यित्स्के पडद्याकडे वाकली. नवी ओळही तीच होती. "सिब्रेन, ब्रश कुठाय?"

"दुरुस्तीला काढलाय. प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं."

"आणि फेकायला कोणाला निघाला होतास?"

मित्रांनो, कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी काय झालंय ते विचारा. त्या प्रोग्रॅमला माझी जागा नको होती. त्याची एक ओळ कुणीतरी वाचायला हवी होती. मी सगळ्या वाचल्या होत्या, पण ते कोणाला सांगायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे.