पावण्यांसाठी चारलेल्या शेळ्या

"आवं आत्या, पावणं शेळीला बघाया येनार का नवरीला?" बाळाला मांडीवर थोपटत मी विचारलं.

सासूबाईंनी, कुशाबाईंनी, डोक्यावरचा भारा अंगणात टाकला. वरच्या रानातला करवंदीचा कवळा पाला, अंजनीचे शेंडे.

"हसतीस काय? पुन्याची मानसं लेंड्या न्ह्याया येनार हायती. खपाटीला गेलेलं प्वाट दावायचं व्हय त्यान्ला?"

आमच्या घाटघरात कुणी जनावर बघायला येणार म्हटलं, की आधी त्याचं पोट भरायचं. गिऱ्हाईक असो, नाहीतर डॉक्टर. त्या आठवड्यात घरोघर असेच भारे उतरले. एरवी शेळ्या रानाच्या खालच्या उताराला बोरी ओरबाडायच्या. वर भेकरांच्या, त्या लहानग्या रानहरणांच्या, जागी बिबट्याच्या भीतीनं कुणी त्यांना नेत नव्हतं.

रानातल्या जनावरांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या तेजस्विनीताई आल्या. गोठ्यातल्या लेंड्या, रानातल्या भेकराच्या लेंड्या, वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या.

"यातून कळतं कोण काय खातं," त्या म्हणाल्या. "शेळी आणि भेकर एकच पाला खात असतील, तर भेकराला पुरणार नाही."

"खाऊंद्या की बिचारी," सासूबाई म्हणाल्या नि चहा टाकला.

उन्हाळ्यात ताईंनी चावडीवर निकाल सांगितला. शेळीचं नि भेकराचं खाणं जवळजवळ एकच. म्हणून वनखात्याची बंदी: रानात शेळी न्यायची नाही. वर नाही, खाली नाही.

"आवो ताई, तो पाला तुमी येनार म्हनून आमीच कापून चारलेला!" सासूबाई उठून म्हणाल्या. बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं का?"

"पुन्हा तपासू," ताई हळूच म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर. तोवर मात्र बंदी राहील."

तोवर शेळ्यांनी खायचं काय? गोठ्यात भाताचा पेंढा होता, त्याला त्या तोंड लावीनात. बाकीच्या विकल्या. चंद्री तेवढी ठेवली होती. माझं आटल्यापासून बाळ तिच्याच दुधावर होतं. मग तीही आटली.

आज सकाळी तिचं गिऱ्हाईक येणार होतं. सासूबाईंनी सवयीनं विळा घेतला, उंबऱ्यापर्यंत गेल्या, वरच्या रानाकडं बघितलं. परत येऊन विळा खुंटीला अडकवला. मग बाळासाठी निवत ठेवलेली नाचणीची पेज उचलून चंद्रीपुढं ठेवली.

मी बाळाला थोपटत राहिले. चंद्रीनं भांडं चाटून लख्ख केलं.