मेजरसाहेबांचं घर

संगमेशनं स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. पाणी आलंच नाही. मग त्यानं प्रत्येक खिडकीची कडी लावून पाहिली आणि भिंतीवर बोटानं टकटक केली.

“अहो, पुरे की,” मंजुश्री हळूच म्हणाली. “फौजेच्या क्वार्टरचा ताबा घेऊन ऱ्हायलात का? इकत घ्यायचंय हे.”

“मंग तर जास्तच बगावं लागंल.”

बिल्डरचा माणूस गालातल्या गालात हसत होता. तो संगमेशला सारखा ‘मेजर’ म्हणत होता. संगमेश फौजेत साधा नायक, शिपायाच्या जरासा वर. पण त्याच्या देवणी तालुक्याकडचा कुणीही फौजी सुट्टीवर आला की आपल्याकडे त्याचा मेजर होतो. ही बढती फुकटची असते, पगारात दिसत नाही.

मंजुश्री गॅलरीत गेली. तिसरा मजला, पूर्वेचं ऊन थेट आतल्या खोलीपर्यंत पसरलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली दोन क्वार्टरमध्ये गेली, बाकीची सगळी लातुरात भाड्याच्या खोल्यांत. कुठल्या मालकाच्या पोराचं लग्न निघालं, कुठल्या मालकाला भाडेकरूंना पाणी जास्त लागतंय असं वाटलं, की हिनं सामान बांधायचं. घरं बघायची तीही एकटीनं, मोबाईल हातात धरून, त्याला तिकडे आसामात पोस्टिंगवर दाखवत. आजवर पाहिलेल्या घरांत काही ना काही खोट निघायची. इथं मात्र तिनं मनातल्या मनात लेकीच्या, सुकन्याच्या अभ्यासाचं टेबलही मांडून टाकलं होतं. हे घर तिला हवं होतं, अगदी जीव टांगणीला लागावा इतकं.

अडचण बँकेत झाली होती. तिथल्या साहेबांनी उभं राहून हात मिळवला, ‘जय हिंद’ म्हणाले, चहा मागवला. मग कागद पाहून त्यांचा चेहरा उतरला. नायक माणूस चाळिशीच्या आसपासच घरी येणार, पुढे पेन्शन; त्या पेन्शनीवर एवढा हप्ता कसा झेपायचा? साहेब मनापासून हळहळले आणि मागितल्यापेक्षा बरंच कमी कर्ज मंजूर करून मोकळे झाले. चहा चांगला होता एवढंच.

म्हणून आज दोघं खाली बिल्डरच्या ऑफिसात बसले होते. बिल्डर अमरनाथशेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढं ओढली.

“मेजर, मी रस्ता काढलाय. जेवढं कमी पडतंय तेवढं मी सोडतो. तुम्ही फकस्त एक फोटो द्यायचा. वर्दीत. वरच्या गॅलरीत उभं ऱ्हायचं, सॅल्यूट ठोकायचा, बाजूला वहिनी अन् बेबी. बिल्डिंगवर लई मोठं होर्डिंग लावतो. ‘देशाच्या रक्षकाची पसंती’! कसं वाटतं?”

“वर्दीत जाहिरात करता येत न्हाई, शेठ. मनाई हाय.”

“लातुरात कोन बगायला येतंय हो?”

संगमेशनं मंजुश्रीकडे पाहिलं. “तू म्हणशील तसं.”

तिला त्याचा असा राग आला! सरळ नाही म्हणाला असता तर जन्मभर टोमणे मारायची सोय झाली असती. हो म्हणाला असता तर घर झालं असतं. आता सगळं तिच्याच गळ्यात. आणि ती ‘हाव’ म्हणाली तर तो खरंच उभा राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वर्दीला तो तिलाही इस्त्री करू देत नसे. तीच वर्दी घालून तो बिल्डरचा फोटोवाला सांगेल तसा हात वर करील, तक्रार करणार नाही, आणि पुढे आयुष्यभर त्या गॅलरीत पाऊल टाकणार नाही.

“न्हाई, दादा,” ती म्हणाली. “आमचे हे ड्युटीवर सलाम करतेत. फोटोपुरता न्हाई.”

रस्त्यावर आल्यावर मात्र तिला रडू आवरेना. “मला पायजे होतं ते घर.”

“मला बी.”

“मंग तुम्हीच न्हाई म्हनायचं होतं की! माज्यावर काऊन टाकलं?”

“अकरा वर्सं घरं तू बगून ऱ्हायलीस, मंजू. मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू?”

पदरानं डोळे पुसून ती रिक्षात बसली. चार दिवसांनी संगमेश रेल्वेत बसून आसामला गेला.

दिवाळीच्या सुमारास त्या इमारतीवर होर्डिंग लागलं. भाड्यानं आणलेला फौजी, कानावर केस, छातीवर पदकांची गर्दी. त्याच्या शेजारी उभी केलेली बाई दात दाखवून हसत होती. सुकन्याला शाळेतून आणताना मंजुश्री थांबली.

“मम्मी, ह्याची टोपी उलटीकडं कलली हाय,” सुकन्या म्हणाली. फौजीचीच पोर ती.

मंजुश्रीनं तिथूनच संगमेशला व्हिडिओ कॉल लावला. होर्डिंग पाहून तो खो खो हसला. “केसं बग की त्याचे! सुभेदारसाब उभा सोलंल त्याला.”

हसता हसता तो थांबला.

“मंजू, जरा बाजूला घे गं. तिसरा मजला.”

तिनं मोबाईल वळवला. गॅलरीत दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, एक लहान फ्रॉक होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“आलं वाटतं कुणी ऱ्हायला.”

“हाव.”

“ठेवू नगंस. धर थोडा येळ.”

सुकन्या भूक लागली म्हणून पदर ओढत होती. हात भरून आला, तरी मंजुश्रीनं मोबाईल खाली घेतला नाही.