काल ओतल्यासारखा

मिठाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश वहिनीनं ओतीव बिडाच्या ब्रॅकेटवरच्या नक्षीच्या पानांवरून फिरवला, तेवढ्यात बाहेर अण्णांचं खाकरणं ऐकू आलं. तिनं ब्रश डब्यात टाकला, ताडपत्री ओढून दोन्ही ब्रॅकेट झाकले आणि ओले हात फडक्याला पुसले.

"काय चाललंय?" अण्णा दारात उभे होते.

"काही नाही. साफसफाई."

अण्णांनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग मिठाच्या पिशवीकडे. साफसफाईला मीठ कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. ते भट्टीच्या बाजूला गेले, नेहमीच्या खोक्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आज वाचलात, वहिनी," साचे भरणारा मिस्त्री हळूच म्हणाला. "पण अशी ताडपत्री कुठवर ओढणार? सासरे म्हातारे झालेत, आंधळे नाही."

"तू तुझी वाळू चाळ."

फाउंड्रीत तिला सगळे वहिनीच म्हणत. तिच्या नवऱ्याचं या कामात कधी मन नव्हतं. तो बँकेत लागला आणि सुटला. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा किल्ल्या सुनेकडे आल्या. अण्णांनी त्या तिच्या हातात दिल्या नाहीत. टेबलावर ठेवल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले ते पाहुण्यासारखे, आणि तेव्हापासून रोज तसेच येत राहिले. काही सांगत नसत, काही विचारत नसत. नुसते बसत. ते बसणंच तिला जड जाई.

गावातल्या जुन्या चौकाचे दिव्याचे खांब एके काळी याच भट्टीतून निघाले होते. आठकोनी बैठक, वर निमुळता होत गेलेला खांब, आणि डोक्यावरून रस्त्याकडे झुकलेला पानांच्या नक्षीचा ब्रॅकेट. त्याच्या टोकाला पत्र्याच्या टोपीखाली एक बल्ब लोंबे. पुढे पांढऱ्या ट्यूब आल्या. त्यांच्या लांब पेट्या त्या नाजूक वळणावर बसेनात, म्हणून ब्रॅकेट कापून सरळ नळ्या लावल्या गेल्या. मग पिवळे दिवे आले, रस्ते रुंद झाले, आणि खांबच बुटके ठरले. त्यांच्या जागी पोलादी नळीचे उंच, बिनचेहऱ्याचे खांब उभे राहिले. बिडाचे खांब नगरपालिकेनं भंगारात काढले. ते विकत घेतले अण्णांनीच. घणानं फोडले, भट्टीत टाकले, आणि त्यांची गटारांची झाकणं झाली.

"एका शब्दानं हळहळले नाहीत," मिस्त्री ही गोष्ट नव्या माणसाला आवर्जून सांगे. "तुकडा उचलून कड बघितली आणि म्हणाले, माल चांगला होता. बस्स."

आता त्याच नगरपालिकेला जुना चौक पुन्हा जुन्यासारखा हवा होता. साच्यासाठीचे जुने लाकडी नमुने माळ्यावर होते. वहिनीनं ते उतरवले, पुसले, आणि नमुन्यादाखल एक खांब आणि दोन ब्रॅकेट ओतून घेतले. इतके सुरेख निघाले की मिस्त्रीनं शिट्टी वाजवली. नगरपालिकेच्या सल्लागार मॅडम आल्या, त्यांनी खांबाला एक फेरी घातली आणि मान हलवली.

"फारच नवे दिसतात हो. लोकांना वाटलं पाहिजे, हे कायम इथेच होते. थोडे झिजलेले, थोडे मार खाल्लेले. जमेल?"

"जमेल," वहिनी म्हणाली. न जमून सांगते कुणाला? हे काम मिळालं तर भट्टी कित्येक वर्षं विझणार नव्हती. न मिळालं तर नवऱ्यानं जागेसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केलीच होती.

म्हणून तिनं कडा घासल्या, छिन्नीनं पानांची टोकं उडवली, मिठाच्या पाण्यानं गंज आणला, रंगावर रंग चढवून तो खरवडला. हात सरावला. अडचण एकच होती, आणि ती रोज सकाळी येऊन खोक्यावर बसत होती. अण्णांचा सगळा जन्म कडा शाबूत ठेवण्यात गेला होता. ओतकामात टाचणी शिरेल एवढं भोक दिसलं, तरी ते गिऱ्हाइकासमोर तो नग फोडत. गिऱ्हाईक म्हणे, राहू द्या हो, मला चालेल. अण्णा म्हणत, तुम्हाला चालेल, मला नाही. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत चांगल्या बिडाला छिन्नी कशी लावायची? खांबाचं काम तिनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उरकलं. ब्रॅकेटवर मात्र ताडपत्री टाकत राहिली.

रविवारी फाउंड्री बंद असे. वहिनी किल्ल्या घरी खुंटीला अडकवून बहिणीकडे गेली ती रात्री परतली. घरी अण्णा लवकर झोपले होते. जेवतानाही फारसं बोलले नाहीत, असं नवरा म्हणाला.

सोमवारी सकाळी मॅडम नमुना बघायला येणार होत्या. वहिनीनं ताडपत्री ओढली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.

एक ब्रॅकेट तिनं ठेवला होता तसाच होता, गंजलेला, झिजलेला, बघणाऱ्याला दया यावी असा. दुसरा लखलखत होता. त्याच्या अंगावरचे सगळे खड्डे पुट्टीनं भरले होते. कडा कानशीनं पुन्हा उभ्या केल्या होत्या. उडवलेलं पानाचं टोक थरावर थर देऊन परत घडवलं होतं, मधली शीरसुद्धा सोडली नव्हती. वर काळ्या रंगाचा एकसारखा हात. कानस पुसून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. या फाउंड्रीत कानस पुसून ठेवणारा माणूस एकच.

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. "भूत येऊन गेलं, वहिनी," तो म्हणाला. "आणि भुताचा हात अजून कापत नाही."

"गप्प बस. घासायची मशीन आण. पटकन."

मशीन येईपर्यंत बाहेर गाडी थांबली. मॅडम आत आल्या. त्यांच्या मागोमाग अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. खोक्याकडे न जाता ते सरळ टेबलापाशी येऊन उभे राहिले. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

"वा!" मॅडम पहिल्या ब्रॅकेटवरून बोट फिरवत म्हणाल्या. "अगदी हेच डोक्यात होतं माझ्या." मग दुसऱ्याकडे वळल्या. "आणि हे काय? हा काल ओतल्यासारखा दिसतो."

अण्णांची मान किंचित वर झाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं; ते लपवायला त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हात फिरवून बघा," ते म्हणाले. "कड बघा."

"कड उत्तमच आहे हो, आजोबा. पण हा चालणार नाही."

"चालणार नाही?"

"आम्हाला जुना हवाय. तो बघा, तसा." मॅडमनी गंजलेल्या ब्रॅकेटकडे बोट दाखवलं. "बाईंनी किती छान केलाय तो. मुद्दाम मार देऊन."

मुद्दाम या शब्दाशी अण्णा थांबले. त्यांनी त्या ब्रॅकेटकडे पाहिलं, मग छिन्नीकडे, मग मिठाच्या पिशवीकडे. वहिनी जमिनीवरची वाळू बघत राहिली. आता काय फुटेल ते फुटेल, असं तिला वाटलं.

"उद्या सकाळी कागद घेऊन येते," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही सारखे दिसले की लगेच सही. एक नवा, एक जुना असं मात्र मी पुढे दाखवू शकणार नाही."

गाडी गेली. मिस्त्रीनं उगाचच वाळूचं घमेलं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"म्हणजे भोकं नव्हती?" अण्णांनी विचारलं.

"नव्हती."

"हे पानाचं टोक?"

"मी उडवलं. छिन्नीनं."

"आणि साच्यातून निघालं तेव्हा?"

मिस्त्री पुढे झाला. "आरशासारखं, अण्णा. तुमच्या वेळीही इतकं नितळ निघालं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला तर मारवेना त्याला. म्हणून वहिनी स्वतः करतात."

अण्णा खोक्याकडे गेले आणि बसले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"मला वाटलं, ओतकाम बिघडलं," ते म्हणाले. "भट्टी हातची गेली तुझ्या. आणि हा असला माल आता गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणार."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"तू झाकत होतीस ना. म्हटलं, लाज वाटत असेल. कशाला उघडं पाडा. निदान दोन्ही नीट करून ठेवावेत. पण एकातच संध्याकाळ झाली."

वहिनीनं छिन्नी उचलली, हातोडी उचलली आणि लखलखत्या ब्रॅकेटसमोर उभी राहिली. पानाच्या टोकावरची पुट्टी अजून पुरती वाळली नव्हती. तिच्यावर अण्णांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, बारीक रेघांचा. तिनं छिन्नी टेकवली. मग उचलून घेतली.

"मिस्त्री, तू मार."

"नाही बुवा. मला भट्टी बघायचीय," मिस्त्री म्हणाला. भट्टी तर थंड होती.

खोकं करकरलं. अण्णा गुडघ्यांवर हात देत उठले, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आले आणि त्यांनी ब्रॅकेट दोन्ही हातांनी धरून थोडा फिरवला.

"तिथे नको," ते म्हणाले. "तिथे पातळ आहे. तडा जाईल. हे इथे लाव."

तिनं तिथे छिन्नी लावली.

"हात काढा, अण्णा. लागेल."

त्यांनी हात काढले नाहीत. थोडे खाली सरकवले, पकड घट्ट केली, आणि तोंड दाराकडे वळवलं.

"हं," ते म्हणाले.