वांगणीच्या गुरुजींची कंबर

प्रश्न १ ते ६ हाडांचे होते. त्यांत काही सापडलं नाही.

प्रश्न ७. कंबर केव्हापासून दुखते?

धर्मेंद्र गावित, वय एकोणचाळीस, प्राथमिक शिक्षक, यांनी तारीखच सांगितली: सोळा जून दोन हजार. पुष्पलता मॅडमचं पेन थांबलं. तीन वर्षांपूर्वीच्या दुखण्याची तारीख कुणाला आठवत नाही.

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"वांगणीच्या शाळेत हजर झालो."

(प्रश्न ८ लिहिण्याआधी थोडी माहिती. गुरुजींचं बिऱ्हाड जव्हारला. एसटी वावरपर्यंत, पुढे चार किलोमीटर चढ. वैद्यकीय कारणावरून बदली हवी तर एकतीस मेच्या आत तज्ज्ञाचा दाखला लागतो. दोनदा एक्स-रे काढला, दोन्ही वेळा मणका ठणठणीत निघाला. मग कळलं की मुंबईत नवी पद्धत शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट पुष्पलता मॅडम महिन्यातून दोनदा एका संस्थेच्या दवाखान्यात बसतात. त्यांचं म्हणणं, कंबर एकटी दुखत नाही. तिच्याबरोबर मन दुखतं, घर दुखतं, नोकरी दुखते, म्हणून सगळ्यांची चौकशी करायची. फॉर्म चार पानी.)

चार पानी फॉर्मला शिक्षक घाबरत नाही. मोखाड्याच्या भावेश सरांनी तर बजावूनच पाठवलं होतं, "काहीही विचारलं तरी हो म्हण. रकाना रिकामा सोडू नकोस. जेवढी जोडपत्रं, तेवढी केस मजबूत."

प्रश्न १६. चिंता वाटते? हो.

प्रश्न १९. हालचाल केली तर कंबर मोडेल अशी भीती वाटते? हो, खूप. पुरवणी जोडू का?

प्रश्न २२. दुखणं कधी वाढतं? रविवारी संध्याकाळी.

प्रश्न २३. कधी थांबतं? दिवाळीच्या सुट्टीत.

हे बोलून गेल्यावर गुरुजींनी जीभ चावली. मॅडमनी उत्तराखाली रेघ ओढली.

प्रश्न ३१. कामाच्या ठिकाणी कुणी विचारपूस करतं?

करतं. शाळेशेजारची म्हातारी हिरी रोज ओट्यावरून ओरडते, "गुरुजी, तुझी कंबर कशी हाय?" एकदा त्यांनी उलट विचारलं, तुझी कशी आहे? ती म्हणाली, "दुखती ना. पण भात लावायचाय, तिला कुठं बघत बसू?"

हे गुरुजींनी फॉर्मात येऊ दिलं नाही.

फॉर्म मिटून मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं दुखणं खरं आहे."

तीन वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं, बायकोनंसुद्धा. गुरुजींचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यांनी दाखला घेतला आणि एसटी स्टँडवर येऊन वाचला.

*मणका उत्तम. दुखणे खरे. कारणे: शरीर थोडे, मन बरेच, घर व नोकरी त्याहून जास्त. उपचार: विश्रांती नको. पट्टा नको. रोज चार किलोमीटर चालावे, शक्यतो चढावर. काम सोडू नये.*

तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात कारकून जयवंतीबाईंनी तो दाखला चार टेबलांना ऐकू जाईल असा वाचला.

"अहो गुरुजी, ही तर वांगणीच लिहून दिलीय तुम्हाला! जव्हारात एवढा चढ आम्ही कुठून आणायचा?"

साहेबांनी शेरा मारला: *बदली दिल्यास उपचारात खंड पडेल.*

पुढच्या वेळी गुरुजी दवाखान्यात शिरले ते हात जोडूनच.

"मॅडम, एक तरी मणका सरकवा."

"चांगला मणका मी कशी सरकवू? पण त्यांनी अर्धंच वाचलंय. मोठं कारण घर आणि नोकरी, हे मी स्वच्छ लिहून देते."

दिलंही. पत्र ऑफिसात पोचलं आणि त्याच्या वाटण्या झाल्या. शरीर आरोग्याच्या टेबलावर गेलं. घर समाजकल्याणच्या, नोकरी आस्थापनेच्या. मनाला टेबल नव्हतं.

"ते माझ्याकडे कपाटात राहू दे," जयवंतीबाई म्हणाल्या, "हरवायचं नाही."

एकतीस मे उलटला.

(इथे दहा महिने गाळले आहेत. त्यांत गुरुजी चालले. रोज, चढावर, दुसरा इलाज नव्हता म्हणून.)

मार्चमधल्या एका सोमवारी वावरहून चढून आल्यावर गुरुजींनी पाण्याचा हंडा उचलून आत ठेवला आणि दचकले. काही दुखलं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. बदल्यांचे अर्ज पुन्हा निघायचे होते. बाहेर पडताना त्यांनी आठवणीनं कमरेवर हात ठेवला.

"गुरुजी," हिरी ओट्यावरून म्हणाली, "परवा तुझा हात डावीकडं व्हता."

फेरतपासणी. पान एकच.

मॅडमनी खुर्ची बाजूला सरकवली. "गुडघे सरळ ठेवून वाका. पायाचे अंगठे धरता येतात का बघू."

वर्गात कवायत घ्यायची सवय. गुरुजी वाकले आणि त्यांनी दोन्ही अंगठे धरले, अगदी घट्ट. मग आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. आता वर यायचं कसं, आणि कोणतं तोंड घेऊन?

"छान," मॅडम पेन उघडत म्हणाल्या. "आता दुखणं किती? शून्य ते दहा."

गुरुजी खालूनच म्हणाले, "सात."