घरी ठेवलेला फोटो

दिंडोरीच्या लंकाबाई वारलेल्या नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या नाशिकच्या दुकानात घेऊन आल्या. पडदा घरीच ठेवून नुसता खालचा डबा आणला होता.

"नात शिकणार हाय. नवख्याला जमंल असं काहीतरी टाका."

त्या डब्याला विंडोज पेलवत नव्हतं, म्हणून मी लुबुंटू नावाची हलकी सिस्टीम निवडली. "आतलं सगळं पुसलं जाईल. चालेल?" दोनदा विचारलं, नंतरची रडारड मला झेपत नाही.

"पुसा की. त्यात काय नाय."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, चालू झालं, पण पडद्यावरचा ह्यांचा फोटो गेला. एकच होता. एसटीत फुटंल म्हणून तर पडदा घरी ठेवला. तुमच्याकडं आणलाच नव्हता, मग पुसला कसा?"