सातवी नळी

तिने डीप फ्रीझरमधून नळ्यांचा खोका काढला आणि त्यावरचा बर्फाचा पापुद्रा खरवडला. नव्या तपासणीची खात्री करून घ्यायची होती. मेंदूवर उलटणाऱ्या अँटिबॉडी मणक्यातल्या पाण्यात आहेत का, असल्या तर किती, हे आता याच प्रयोगशाळेत कळणार होतं. निदान न झालेले जुने वीस नमुने लावून बघा, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं होतं.

नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात. सातव्या नळीवरचा आकडा तिच्याच अक्षरातला होता. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या मणक्यातलं पाणी काढलं, तेव्हा चिठ्ठी डकवून तिनेच ते इथे ठेवलं होतं. एकवीस वर्षांची पोर. आधी झोप उडाली, मग भिंतीशी भांडणं, मग तोंडाला येईल ते. घरच्यांनी नाटक म्हटलं, डॉक्टरांनी वेड म्हटलं. शेवटी झटके सुरू झाले ते थांबलेच नाहीत. सहा आठवड्यांत होत्याचं नव्हतं झालं.

मॅडमना सांगून ती नळी दुसऱ्या कुणाकडे देता आली असती. तिने दिली नाही. इतरांसारखीच वितळू दिली, थेंब काचपट्टीवरच्या पेशींवर सोडला. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्यागार उजळलेल्या दिसल्या, म्हणजे अँटिबॉडी होत्या. पाणी दहापट पातळ केलं, तरी उजळल्या. शंभरपट केलं, तरीही. तिने वहीत आकडा लिहिला, सही केली, डबा खाल्ला. रडू येईल म्हणून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली. आलं नाही, तेव्हा हात धुऊन परत आली.

आकडा बघून मॅडम म्हणाल्या, कोण होतं बिचारं कुणास ठाऊक, वेळेत कळलं असतं तर साध्या औषधांनी उठून बसलं असतं.

ती हो म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. धाकटीला वेड लागलं नव्हतं. शरीर आपल्याच मेंदूवर उठतं, असा आजार होता. कुणाच्या बोलण्याने झाला नव्हता, की लाडाने नाही.

आईने चादरीवरून हात फिरवला.

"औषध होतं का त्यावर?"

"तेव्हा नव्हतं."

आईने हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली,

"मी तिला एकदा मारलं होतं. हाताला लागेल त्याने. तू कामावर होतीस."

हे तिला माहीत नव्हतं. ती आईसमोर बसली.

"मार खाताना एकच म्हणत होती. आई, हे मी करत नाहीये गं." आईने खालची चादर ओढून घेतली. "मला वाटलं, खोटं बोलतेय."

तिने दुसऱ्या बाजूची दोन टोकं उचलली. दोघींनी चादर ताणून धरली. पुढे होऊन टोकं जुळवायचं मात्र कुणालाच सुचेना.