समुद्राखालचा खडक फोडताना

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. शेताला पाणी देणारा नव्हे. मुरुडचा किनारा दिसेनासा झाला की पुढे भर समुद्रात तेलविहिरी आहेत. तिथल्या जहाजावर माझी हयात गेली. समुद्राच्या तळाखाली, खूप खोल, काही खडकांत तेल असते, पण खडक इतका घट्ट की ते वाहतच नाही. मी प्रचंड दाबाने वाळू मिसळलेले पाणी खाली ढकलायचो. खडकाला भेग पडायची, वाळू ती उघडी ठेवायची आणि तेलाला वाट मिळायची.

माझ्या ताकदीचे भारी कौतुक होते. मला चालवणारा धर्मा, मुरुडचा कोळी, माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "ह्यो आपला हत्ती हाय!" मीही फुगून जायचो.

एका विहिरीवर मात्र आक्रीत घडले. तिथले तेल जवळजवळ आटले होते. हा प्रयत्न फसला तर विहीर बंद होणार होती. तरुण इंजिनियर सुचिता म्हणाली, "सर, एवढ्याच दाबावर थांबू. खाली पाण्याचा थर आहे."

पण प्रमुख सुजितसाहेबांना मोठी भेग हवी होती. "वाढव, धर्मा!" ते ओरडले.

मी जीव तोडून जोर लावला. आणि दाबाचा काटा धाडकन खाली कोसळला.

"सायेब, काटा पडला! आपून तर पंप बंद केला न्हाय!" धर्माचा चेहरा पांढराफटक पडला. भेग थेट पाण्याच्या थरात घुसली होती. पुढे विहिरीतून आले ते नुसते खारे पाणी. मी सुन्न झालो. ज्या जोराची मला एवढी घमेंड, त्यानेच घात केला होता!

तो भाग सिमेंटने बुजवला. विहीर कायमची बंद करण्याआधी वरच्या खडकात एक शेवटची संधी उरली होती. सुजितसाहेब खाली मान घालून सुचिताला म्हणाले, "आता तू सांगशील तसं."

"आधी थोडंच ढकलू," ती म्हणाली. "खडक किती सोसतो ते बघू, मग पुढचं ठरवू."

तिने मला निम्म्या जोरावर चालवले, मध्येच थांबवले, पुन्हा हळूहळू चालवले. मला तर तो अपमानच वाटला. पण या वेळी काटा कोसळला नाही. पुढे नळातून काळेभोर तेल आले, तेव्हा धर्मा मटकन खाली बसला आणि रडू लागला. मी पुन्हा थक्क झालो. एवढ्याशा जोराने?

आता नवे पंप आले आहेत. मी किनाऱ्यावरच्या आवारात पडून आहे. खाऱ्या वाऱ्याने माझे बोल्ट गंजले आहेत. मित्रांनो, यंत्राला वेळेवर वंगण घाला, पण तेवढ्याने भागत नाही. ते किती चालवायचे आणि कुठे थांबवायचे, हेही त्याची काळजी घेणेच असते. मला आपणहून थांबता येत नव्हते. ते माणसालाच यावे लागते.